सहा लघुपट आणि एक संध्याकाळ: क्लुझमध्ये नव्या रोमेनियन लघुपटांचा खेळ लावताना

22 मार्च 2025 रोजी, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, रोमेनियातील क्लुझ-नापोका या शहरात आम्ही सहा नवे रोमेनियन लघुपट दाखवले. सहाही लघुपटांची मिळून लांबी 94 मिनिटे होती, प्रेक्षागृहात 90 खुर्च्या होत्या आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर मराठी सबटायटल चालत होती. या दीड तासाच्या तयारीला नऊ महिने लागले. परदेशात राहून तिथले चित्रपट आपल्या माणसांना रीतसर परवानगी घेऊन दाखवावेत असे ज्यांना वाटते, पण सुरुवात कुठून करायची हे उमगत नाही, त्यांच्यासाठी मी हा सगळा क्रम लिहून ठेवत आहे. मला तो आधी कुणी सांगितला असता तर निदान दोन महिने वाचले असते.

मी मूळची मिरजेची. नोकरीच्या निमित्ताने 2019 पासून क्लुझमध्ये राहते, मनश्तूर नावाच्या भागात, जिथे कम्युनिस्ट राजवटीत उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या रांगाच्या रांगा आहेत. 2022 मध्ये आई पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा ती तासन्‌तास स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून समोरच्या इमारतीकडे पाहत असे. एके दिवशी तिने विचारले, "ही माणसं घरात एकमेकांशी काय बोलतात गं?" मला बाजारातली, कचेरीतली, दवाखान्यातली रोमेनियन भाषा येत होती; पण घरातल्या बोलण्याबद्दल तिला सांगण्यासारखे माझ्याकडे त्या वेळी काहीच नव्हते. पुढे जे केले त्याचे मूळ त्या प्रश्नात आहे.

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला क्लुझमध्ये ट्रान्सिल्व्हानिया आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. 2002 मध्ये सुरू झालेला हा महोत्सव रोमेनियातील सर्वांत मोठा मानला जातो आणि त्या दिवसांत पियात्सा उनिरी या मुख्य चौकात, सेंट मायकेलच्या चर्चसमोर, उघड्यावर मोठा पडदा उभा राहतो. 2024 साली महोत्सव 14 ते 24 जून या काळात होता. त्यातल्या 'रोमेनियन चित्रपटांचे दिवस' या विभागात नवे लघुपटही स्पर्धेत असतात. मी सुट्टी काढून लघुपटांचे खेळ पाहिले आणि पहिल्याच खेळात, एका जिन्यावर दोन शेजारणींचे हीटिंगच्या बिलावरून चाललेले भांडण पाहताना, आईच्या प्रश्नाचे उत्तर समोर चालले आहे असे मला वाटले.

रोमेनियात लघुपटाकडे मोठ्या चित्रपटाआधीचा सराव म्हणून पाहिले जात असेल, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. 2004 या एकाच वर्षी क्रिस्ती पुयू यांच्या लघुपटाला बर्लिन महोत्सवात लघुपटांचे सुवर्ण अस्वल हे पारितोषिक आणि कतालिन मितुलेस्कू यांच्या लघुपटाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात लघुपटांचे सुवर्ण पाम मिळाले होते. क्रिस्तियान मुंजियू यांना कानचे मुख्य पारितोषिक मिळाले ते त्यानंतर, 2007 मध्ये. ज्याला जग नवा रोमेनियन सिनेमा म्हणून ओळखते, त्याची चाहूल लघुपटांनीच आधी दिली होती. एक खोली, दोन माणसे, एक व्यवहार आणि न संपणारे बोलणे, एवढ्यावर उभा राहणारा हा सिनेमा वीस मिनिटांत पूर्ण मावतो. आजची तरुण मंडळीही तोच धागा पुढे नेत आहेत, फक्त त्यांच्या गोष्टींत आता परदेशी कामाला गेलेले आईवडील, मोबाइलच्या पडद्यावर चाललेले संसार आणि शहरात एकट्या राहणाऱ्या मुली आल्या आहेत.

जुलैमध्ये मी आमच्या चित्रपट मंडळाच्या बैठकीत ही कल्पना मांडली. मंडळ लहान आहे, पण नोंदणीकृत संस्था आहे, आणि याचे महत्त्व मला नंतर कळले. प्रेक्षागृह भाड्याने देणारे, लघुपटांचे निर्माते आणि कर विभाग या तिघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला, तो म्हणजे करार कोणाच्या नावाने होणार. एकट्या व्यक्तीने हे करायला घेतले असते तर बहुधा तिथेच थांबावे लागले असते. तुमच्या गावात अशी संस्था नसेल, तर नवी काढण्याच्या खटाटोपात पडण्याआधी एखादे ग्रंथालय किंवा सांस्कृतिक केंद्र आयोजक म्हणून उभे राहते का, ते पाहावे.

तारीख ठरली 21 डिसेंबर. वर्षातला सर्वांत लहान दिवस म्हणून अनेक देशांत तो लघुपटांचा दिवस म्हणून साजरा होतो, आणि 2024 मध्ये त्या दिवशी शनिवारच होता. मला वाटले, पाच महिने पुष्कळ झाले.

9 सप्टेंबरला मी अकरा पत्रे पाठवली. पत्ते मिळवायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण महोत्सवाच्या पुस्तिकेत प्रत्येक लघुपटाखाली निर्मिती संस्थेचे नाव असते. पहिली चार पत्रे मी इंग्रजीत लिहिली आणि बाकीची सात रोमेनियनमध्ये. तीन आठवड्यांत पाच उत्तरे आली, त्यांतली चार रोमेनियन पत्रांना होती. रोमेनियनमध्ये लिहिताना 'दुम्नियावोआस्त्र' हे आदरार्थी सर्वनाम शेवटपर्यंत सांभाळावे, समोरची व्यक्ती बावीस वर्षांची विद्यार्थिनी असली तरीही. पहिल्या पत्रातच पाच गोष्टी सांगाव्यात: तारीख, आसनसंख्या, तिकीट असेल की नाही, खेळ किती वेळा होणार आणि सबटायटल कोणत्या भाषेत असतील. मी पहिल्या पत्रांत तिकिटाचा उल्लेख केला नव्हता, आणि त्यामुळे प्रत्येकाशी दोन-दोन पत्रांचा व्यवहार वाढला.

उत्तरे वाचताना लघुपटांच्या मालकीचे जग किती गुंतागुंतीचे असते ते दिसू लागले. एका लघुपटाचे जगभरातले हक्क दुसऱ्या देशातल्या वितरकाकडे होते, पण रोमेनियापुरते निर्मात्याकडेच राहिले होते. हे दोघांनाही लेखी सांगायला लावण्यात महिना गेला. दुसऱ्या एका लघुपटाला फेब्रुवारीपर्यंत कुठेच दाखवायची मुभा नव्हती, कारण तो एका मोठ्या महोत्सवाच्या निवडीची वाट पाहत होता. विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा निर्माता बहुधा विद्यापीठ असते, त्यामुळे बुखारेस्टच्या नाट्य व चित्रपट विद्यापीठातून आलेल्या लघुपटासाठी दिग्दर्शिकेचा आनंदाने दिलेला होकार पुरेसा नव्हता. विद्यापीठाचे पत्र हवे होते, ते तिने स्वतः खेटे घालून मिळवून दिले.

सर्वांत वाईट वाटले ते सातव्या लघुपटाचे. आजोबा आणि नात रात्रभर एका बंद पडलेल्या गाडीत बसून राहतात, एवढीच त्याची गोष्ट होती. नकाराचे कारण होते गाडीच्या रेडिओवर वाजणारे एक जुने गाणे. त्या गाण्याची परवानगी फक्त महोत्सवांपुरती घेतलेली होती आणि तिकीट लावून होणारा स्वतंत्र खेळ तिच्यात बसत नव्हता. नव्या परवानगीचा खर्च लघुपट करणाऱ्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा होता आणि आमच्याही. त्याने विचारले, गाणे बंद करून दाखवता येईल का? मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणून कळवले. ते गाणे लागल्यावर आजोबा पहिल्यांदा बोलायला लागतात. गाणे काढले असते तर तो लघुपटच उरला नसता. जे तरुण मराठी मित्र लघुपट करतात त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की गाण्याची परवानगी घेताना 'फक्त महोत्सव' या दोन शब्दांकडे नीट पाहावे.

करारनामा हा मला सर्वांत धास्ती वाटणारा भाग होता. रोमेनियाचा कॉपीराइट कायदा 1996 चा, म्हणजे 8/1996 या क्रमांकाचा आहे. त्यानुसार हक्क देण्याच्या करारात कोणते हक्क दिले, ते कोणत्या प्रकारे वापरायचे, किती काळासाठी, किती व्याप्तीत आणि मोबदला किती, हे सगळे स्पष्ट लिहावे लागते. आमचा करार शेवटी दीड पानाचा झाला: एक खेळ, एक तारीख, एक प्रेक्षागृह, ठरलेले शुल्क, मराठी सबटायटल करण्याची परवानगी, आणि खेळानंतर सात दिवसांत सर्व प्रती पुसून तसे लेखी कळवण्याची हमी. सबटायटलचे कलम मी सुरुवातीला घातले नव्हते. भाषांतर हाही लेखकाचा स्वतंत्र हक्क आहे, हे मंडळाच्या हिशेबनिसांनी लक्षात आणून दिले, आणि सही झालेले दोन करार पुन्हा करावे लागले. लघुपट करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला थेट मानधन देत असाल तर कर कापून भरण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्या संस्थेवर येऊ शकते; हेही आधीच हिशेबनिसांना विचारून घ्यावे.

नोव्हेंबरच्या अखेरीस सहापैकी तीनच करार हातात होते. 30 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबर या सार्वजनिक सुट्ट्या, मग नाताळ, मग नवे वर्ष, आणि त्यावर 6 व 7 जानेवारीच्याही सुट्ट्या. रोमेनियात डिसेंबरच्या मध्यानंतर कागद हलत नाही, हे मी पाच वर्षे पाहूनही विसरले होते. 2 डिसेंबरला आम्ही खेळ पुढे ढकलला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना आनंदाने तारीख कळवली होती त्या सगळ्यांना पुन्हा पत्रे लिहायची होती आणि तीन करारांवर नवी तारीख घालून पुन्हा सह्या घ्यायच्या होत्या. कुणीही तक्रार केली नाही. एका दिग्दर्शिकेने लिहिले की तिचा लघुपट पूर्ण व्हायला तीन वर्षे लागली आहेत, आणखी तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

पुढे ढकलल्याचा एक लाभ असा झाला, की आई 27 जानेवारीला 90 दिवसांच्या मुक्कामासाठी आली आणि सबटायटलच्या कामात तिचा हात लागला.

सहा लघुपटांत मिळून 742 ओळी होत्या. इंग्रजी सबटायटल निर्मात्यांनी दिलीच होती. पण त्यांवरून मराठी करायचे नाही, मूळ रोमेनियन ऐकूनच करायचे, असे मी पहिल्या आठवड्यातच ठरवले. त्याला कारण झाली एक अगदी साधी ओळ. एक लहान मुलगा जिन्यात भेटलेल्या म्हातारीला 'सरुमना' म्हणतो. शब्दशः अर्थ 'हाताचे चुंबन घेतो'. मुलांनी मोठ्या बायकांना, पुरुषांनी स्त्रियांना आदराने म्हणायचे हे अभिवादन आहे, आणि जेवण झाल्यावर मूल आईलाही तेच म्हणते. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे नुसते 'गुड इव्हनिंग' होते. मी 'नमस्कार करतो, आजी' असे लिहिले, आणि त्या मुलाचे वाकणे, म्हातारीचे सुखावणे, सगळे जागेवर आले. तसेच 'तांति' आणि 'नेने'. ओळखपाळख नसलेल्या मोठ्या बाईला तांति आणि पुरुषाला नेने म्हणतात. इंग्रजीत त्यांचे काहीच झाले नव्हते, मराठीत काकू आणि काका तयारच होते. तू, तुम्ही यांतला फरक रोमेनियनमध्येही आहे, आणि एका लघुपटात तर सगळे नाट्यच त्यावर आहे: भाडेकरू मुलगी घरमालकाला आदराने बोलता बोलता अचानक एकेरीवर येते. इंग्रजीत तो क्षण पुसला गेला होता.

जिन्यातल्या भांडणाच्या लघुपटात 'इन्त्रेत्सिनेरे' हा शब्द अकरा वेळा येतो. इमारतीचा सामायिक खर्च, म्हणजे पाणी, कचरा, जिन्यातला दिवा, हीटिंग, यांचा दरमहा घरटी हिस्सा, ज्याची यादी तळमजल्यावर लावलेली असते. मी 'मेंटेनन्स' लिहिले. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहिलेल्या कुणालाही त्यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही.

अडले ते 'पोमाना'पाशी. मृत्यूनंतर ठरावीक दिवसांनी, विशेषतः चाळीसाव्या दिवशी, मृताच्या नावाने अन्न वाटतात, आणि त्यात 'कोलिवा' नावाचा शिजवलेल्या गव्हाचा, साखर व अक्रोड घातलेला गोड पदार्थ असतो. मी आधी 'श्राद्ध' लिहिले होते. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या तांतिंना मी अडलेले शब्द विचारत असे. श्राद्धात काय काय होते हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्यात पिंडासारखं काही नाही, पोरी. आम्ही देतो ते जिवंत माणसाच्या हातात देतो, आणि घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो." मग मी 'श्राद्ध' खोडून 'तिच्या नावाने दिलेले जेवण' असे केले. लांब आहे, पण खरे आहे. जवळचा वाटणारा शब्द दुसऱ्याच्या धर्मविधीवर चिकटवताना थांबून विचारावे, हे मी त्या दिवसापासून पाळते. एका लघुपटात आजी हंगेरियन बोलते. ती भाषा मला येत नाही, तेवढ्या 38 ओळी मंडळातल्या हंगेरियन भाषक मैत्रिणीने रोमेनियनमध्ये सांगितल्या आणि मी त्यांवरून मराठी केल्या.

वाचनाच्या वेगाची परीक्षा आईने घेतली. मी तयार ओळी लॅपटॉपवर लावायची आणि ती मोठ्याने वाचायची. ओळ नाहीशी होण्याआधी तिचे वाचून झाले नाही तर ती ओळ छोटी करायची. पहिल्या लघुपटात 96 पैकी 41 ओळी कापाव्या लागल्या. एका वेळी दोनच ओळी, कुठलीही ओळ एका सेकंदाहून कमी नको आणि सहा सेकंदांहून जास्त नको, हे सर्वसाधारण नियम आहेत. पण मराठीत जोडाक्षरांची गर्दी असलेली ओळ डोळ्याला जड जाते, म्हणून 'प्रत्यक्षदर्शी'ऐवजी 'पाहणारा' असे शब्द शोधावे लागतात. हे काम 1 फेब्रुवारी ते 9 मार्च चालले, बहुतेक रोज रात्री नऊ ते अकरा.

आता तांत्रिक भाग, कारण इथे अनेकजण फसतील. चित्रपटगृहात डीसीपी नावाच्या स्वरूपातली डिजिटल प्रत चालते. पाच लघुपट त्या स्वरूपात आले, सहावा साध्या व्हिडिओ फाइलच्या रूपात. त्याची प्रत मी निर्मात्याच्या संमतीने डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार केली. डीसीपीला सबटायटलची वेगळी फाइल जोडता येते, म्हणून मी एका लघुपटाला मराठी फाइल जोडून 6 मार्चला चाचणी घेतली. पडद्यावर जे दिसले ते पाहून पोटात गोळा आला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आली होती, 'क्ष' आणि 'त्र' फुटून पाय मोडलेल्या अक्षरांच्या रांगा झाल्या होत्या. अक्षरे जोडण्याचे देवनागरीचे नियम त्या यंत्राला येतच नव्हते. यावर तीन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक ओळीचे चित्र करून ती चित्रे सबटायटल म्हणून जोडणे, दुसरा म्हणजे अक्षरे चित्रपटातच कायमची उमटवणे, आणि तिसरा म्हणजे मूळ प्रतीला हात न लावता पडद्याखाली वेगळ्या लहान प्रोजेक्टरने ओळी दाखवणे. पहिल्या दोन्ही उपायांत निर्मात्यांकडून पुन्हा संमती आणि पुन्हा चाचणी लागली असती. आम्ही तिसरा निवडला. त्यात एक माणूस सबंध वेळ बसून प्रत्येक ओळीला कळ दाबतो. तो माणूस मीच होणार हे उघड होते.

चाचणीच्या दिवशीची आणखी एक गोष्ट: मी प्रती ज्या डिस्कवर नेल्या होत्या ती तिथल्या सर्व्हरने वाचलीच नाही, कारण ती घरच्या संगणकासाठीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. प्रोजेक्शनिस्टने शांतपणे सांगितले, की डिस्क कोणत्या पद्धतीची हवी हे चित्रपटगृहाला आधी विचारायचे, आणि प्रती खेळाच्या दिवशी न आणता दोन दिवस आधी द्यायच्या, कारण त्या सर्व्हरवर चढायलाच तास-दीड तास जातो.

प्रेक्षागृहाने प्रत्येक लघुपटाचा वयोगट लेखी मागितला. रोमेनियात राष्ट्रीय चित्रपट केंद्राची वर्गवारी चालते: सर्वांसाठी, 12 वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीने, 15 वर्षांखालील मुलांना न सुचवलेले, आणि 18 वर्षांखालील मुलांना मनाई. आमच्या सहांपैकी एक 15 वर्षांच्या वर्गात होता, म्हणून फलकावर सबंध संध्याकाळसाठी तोच वर्ग छापला.

तिकिटांची नोंदणी करावी लागते हे मला फेब्रुवारीत कळले. रोमेनियाच्या करसंहितेप्रमाणे तिकीट लावून केलेल्या खेळावर स्थानिक कर असतो, चित्रपटांसाठी तो तिकिटांच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आहे. तिकिटे आधी स्थानिक कर विभागात नोंदवायची, किंमत खेळाच्या जागी लावायची, आणि कर पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत भरायचा. 10 मार्चला मी 1 ते 90 क्रमांकांची तिकिटे घेऊन गेले, तर अर्जावर मंडळाच्या अध्यक्षांची सही राहिली होती. 12 मार्चला पुन्हा गेले आणि वीस मिनिटांत काम झाले. सोबत संस्थेच्या नोंदणीची प्रत, प्रेक्षागृहाच्या कराराची प्रत आणि सही करण्याचा अधिकार देणारा कागद नेल्यास एका फेरीत भागते.

खर्चाचा हिशेब असा झाला. सहांपैकी दोन विद्यार्थ्यांच्या लघुपटांनी शुल्क घेतले नाही. तिघांनी प्रत्येकी 50 युरो आणि एका वितरकाने 80 युरो घेतले, म्हणजे एकूण 230 युरो, रोमेनियाच्या चलनात सुमारे 1,145 लेई. प्रेक्षागृहाचे भाडे 900 लेई, प्रोजेक्शनिस्टचे 200, फलक आणि तिकिटे छापायचे 120, बँकेचे शुल्क 15, आणि कर 30. सगळे मिळून 2,410 लेई. वीस लेई दराने 74 तिकिटे गेली, म्हणजे 1,480 जमले. 930 लेईंची, आपल्याकडच्या 17 हजार रुपयांच्या आसपासची तूट मंडळाच्या वर्गणीतून भरली गेली. संगीताच्या हक्कांसाठी प्रेक्षागृहाचा संबंधित संस्थेशी वार्षिक करार आधीच होता. तो नसता तर तो खर्च वेगळा आला असता, म्हणून जागा ठरवतानाच हे विचारावे.

खेळाच्या संध्याकाळी मी पाच वाजता पोहोचले. शहरात ओळखीची असलेली नऊ मराठी कुटुंबे आली होती, बाकी बहुतेक रोमेनियन आणि हंगेरियन प्रेक्षक होते, आणि दोन दिग्दर्शिका स्वतः आल्या होत्या, त्यांतली एक बुखारेस्टहून रात्रभर रेल्वेने. आई तिसऱ्या रांगेत, वरच्या मजल्यावरच्या तांतिंच्या शेजारी बसली होती. मी डावीकडच्या कोपऱ्यात, लॅपटॉपसमोर.

कळ दाबणारा माणूस चित्रपट पाहत नाही, तो श्वास पाहतो. पात्राने बोलण्यासाठी श्वास घेतला की बोट खाली जाते. पहिले तीन लघुपट नीट गेले. चौथ्यात, भाडेकरू मुलगी एकेरीवर येते त्याच जागी, माझे बोट दोनदा पडले आणि मराठी ओळी बोलण्याच्या पुढे धावल्या. मागे येऊन पुन्हा जुळवायला वीस सेकंद लागले. नऊ महिन्यांत ज्या क्षणासाठी मी सर्वांत जास्त जपले होते तोच हातून गेला, याचे दुःख मला अजून आहे. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी शेजारी दुसरे माणूस बसवावे, ज्याच्या हातात छापील ओळी असतील आणि जो पुढचा क्रमांक हळू आवाजात सांगेल.

जिन्यातल्या भांडणाच्या लघुपटात मात्र एक गोष्ट घडली. एक शेजारीण दुसरीला म्हणते, "आमच्या घरात दोन माणसं, तुमच्या घरात पाच, आणि पाण्याचा हिस्सा सारखाच?" या ओळीला रोमेनियन प्रेक्षक हसले, आणि अर्ध्या सेकंदाने, ओळ वाचून होताच, मराठी प्रेक्षक हसले. त्या मागाहून आलेल्या हसण्यात मला आईचा आवाज ओळखू आला.

खेळानंतर दोन्ही दिग्दर्शिकांशी अर्धा तास गप्पा झाल्या. आईने पोमानाच्या लघुपटाबद्दल विचारले, मी भाषांतर केले: मुलगी परदेशातून आली नाही, तर तिच्या वाट्याचे ताट का वाढले? दिग्दर्शिका थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, की तिच्या स्वतःच्या घरात ते तसेच वाढले होते, त्या ताटासाठीच तिने लघुपट केला, आणि आजवर हे कुणी विचारले नव्हते. घरी परतताना बसमध्ये आई मला म्हणाली, "बोलतात ते आपल्यासारखंच गं. फक्त ताट वाढून झाल्यावर आपण इतका वेळ गप्प बसत नाही."

कागदपत्रे त्यानंतरही उरली होती. 28 मार्चला सर्व्हरवरच्या आणि माझ्याकडच्या सगळ्या प्रती पुसून मी सहाही निर्मात्यांना तसे लेखी कळवले, सोबत प्रेक्षकसंख्या आणि तिकिटांचा हिशेब जोडला. हा हिशेब कुणी मागितला नव्हता, पण तो द्यावा. पुढच्या वेळी दार लवकर उघडते. 8 एप्रिलला कर भरला आणि उरलेली 16 तिकिटे हिशेबात दाखवून दिली. त्याच आठवड्यात बुखारेस्टच्या दिग्दर्शिकेचे पत्र आले. तिला मराठी सबटायटलची फाइल हवी होती, लघुपटाच्या इतर भाषांच्या फाइलींबरोबर ठेवायला. मी दोन दिवस मागून घेतले, कारण आईने खेळाच्या वेळी तीन ओळी मनात टिपून ठेवल्या होत्या, ज्या तिला वाचून पूर्ण करता आल्या नव्हत्या. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून त्या लहान केल्या आणि 14 एप्रिलला फाइल पाठवली.